चिपीला रेल्वे स्टेशन? मी सही केली नाही

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस एक निवेदन फिरतंय. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाला रेल्वे स्टेशन हवं, केंद्र आणि राज्याने मिळून निधी द्यावा. मी सही केली नाही म्हणून दोघांचे फोन आले. एकाने तर "तुका गावाचा काय पडलेला नाय" असं सुनावलं. म्हणून इथे एकदाच लिहून टाकतो.

गैरसोय खरी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि त्याच थंडीत माझी मावशी हौसेने मुंबईहून विमानाने आली. सत्तरी ओलांडलेली, विमानात पहिल्यांदाच. मला पोचायला उशीर झाला. बघतो तर ही बाई सड्यावरच्या उन्हात बॅगेवर बसलेली, हातात विमानात मिळालेली पाण्याची चिमुकली बाटली, न फोडलेली, घरी दाखवायला. मला बघून पहिलं वाक्य, "बाबू, हयसून कुडाळाक जाऊक काय असा की नाय?" नव्हतं. रिक्षावाल्याने जो आकडा सांगितला होता, त्यात तुतारी एक्स्प्रेसच्या स्लीपरने मुंबईला जाऊन परत येता आलं असतं.

पण यावर औषध म्हणून स्टेशन? कोकण रेल्वे जाते कुडाळवरून, चिपी तिथून पंचवीसेक किलोमीटर. मध्ये पाट, परुळे, माडाच्या बागा, काजूची कलमं, लोकांची घरं. तेवढी नवी लाइन टाकायची, पुन्हा सातबारे गोळा करत फिरायचं, आणि ते कशासाठी, तर सत्तरेक सीटांच्या विमानासाठी. तेही येईल तेव्हा. छोट्या शहरांना स्वस्त विमान मिळावं म्हणून केंद्राने आणलेल्या उडान योजनेत निम्म्या सीटा अडीच हजारांच्या आसपास, विमान कंपनीची तूट सरकार भरून काढणार, ८० टक्के केंद्र आणि २० टक्के राज्य, मुदत तीन वर्षं. मुदत सरली आणि मुंबईचं विमान बंद पडलं. विमानातल्या सीटमागे सरकारने पैसे मोजले. तेच माणूस खाली उतरल्यावर त्याला कुडाळपर्यंत नेणाऱ्या एसटीसाठी मोजावेत, हे कुणाला सुचलं नाही.

विमानतळाला स्टेशन नकोच, असं मी म्हणत नाही. रूळ आहेत तिथे जरूर द्या. नवी मुंबईत उरणची लोकलची लाइन नव्या विमानतळाच्या शेजारून जाणारच होती. तिच्या खर्चात सिडको ६७ टक्के, रेल्वे ३३ टक्के, आणि तिच्यावरच तरघर स्टेशन. उलव्यात माणसं राहतात, उद्या एकही विमान उडालं नाही तरी त्यांना लोकल लागतेच. असा सरकारी पैसा वाया जात नाही. पण आपल्या कोकणकन्या एक्स्प्रेसमधून पहाटे पनवेलला उतरलेल्याचं काय? विमानतळासाठी आधी हार्बर लोकलने बेलापूर, जिने चढ-उतार, मग उरण लोकलची वाट बघणं. बरोबर दोन बॅगा आणि आंब्याची पेटी. तो गुपचूप रिक्षा करतो.

बंगळुरूला तर रूळ विमानतळाजवळून आधीपासून होते. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीनेच छोटा हॉल्ट बांधून दिला, जानेवारी २०२१ मध्ये गाड्या थांबायला लागल्या. शहाणपणाचं काम. पण गाड्या मोजक्या आणि त्यांच्या वेळा फ्लाइटशी जुळेनात, त्यामुळे प्रवासी फिरकेनात. बांधायला पैसे निघतात, चालवायला निघत नाहीत. आपल्याकडे तर बांधून तरी कुठे होतंय, सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ चं! कुडाळ, कणकवली स्टेशनांच्या बाहेर राज्याच्या बांधकाम खात्याने सुशोभीकरण केलं. छान दिसतं, फोटो मीही काढलाय. आत दिवा पॅसेंजरला मात्र दारात लटकायची वेळ येते.

तर निवेदनात "रेल्वे स्टेशन" खोडा आणि लिहा, विमानाच्या वेळेला चिपी ते कुडाळ स्टेशन एसटी, विमान लेट झालं तर थांबणारी, आणि तिचा तोटा उडानसारखाच सरकारने भरावा. लगेच सही करतो. मावशीचीही आणून देतो, तिचा त्या रिक्षावाल्यावरचा राग अजून गेलेला नाही.