व्हॅरम पर्सी प्लेगने उठलं नाही

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या टेकड्यांतलं व्हॅरम पर्सी हे ओसाड पडलेलं जुनं गाव. बिनछपराचं चर्च आणि भोवती नुसतं गवत, असा त्याचा फोटो नेहमी फिरतो. सोबतचा मजकूर ठरलेला: ‘1349 च्या प्लेगमध्ये अख्खं गाव मेलं, चर्च तेव्हापासून ओसाड आहे, आवारात सापडलेले शेकडो सांगाडे त्याच साथीचे.’ तिन्ही विधानं चुकीची आहेत.

प्लेग आला होता, माणसंही गेली. पण गाव त्यानंतर जवळपास दीडशे वर्षं नांदतं होतं. ते उठलं 1500 च्या सुमारास, मेंढ्यांसाठी. साथीनंतर मजूर कमी झाले, मजुरी चढली, धान्याला गिऱ्हाईक घटलं. नांगरटीला बैल, नांगऱ्या, कापणीला माणसं लागतात. तीच जमीन कुरणाला सोडली की मेंढपाळावर भागतं आणि लोकर विकली जाते. जमीनमालक बॅरन हिल्टनमुळे चार घरं गेली आणि चार नांगर बंद पडले, असं 1517 च्या सरकारी चौकशीत नोंदलं गेलं. सगळं साथीच्या माथी मारलं की कुळांना घराबाहेर काढणारा मालक सुटतो. या मजकुराचा खरा दोष हा आहे.

चर्चचं म्हणाल, तर पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला सगळा परिसर, हे एकच गाव नव्हे. थिक्सेन्डेल, बर्डेल, रेस्थॉर्प, टाउथॉर्प इथली माणसंही याच चर्चची. व्हॅरमची घरं गेल्यावरही थिक्सेन्डेलचे लोक लग्नाला, दफनाला इथेच येत. त्यांना स्वतःचं चर्च मिळालं ते 1870 मध्ये. माणसं घटत गेली तशी सांभाळायचं छप्पर कमी व्हावं म्हणून बाजूची दालनं पाडली आणि मधल्या कमानी दगडाने बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी भिंतीत आजही स्पष्ट दिसतात. टाकून दिलेल्या इमारतीवर इतके कष्ट कोणी घेत नाही. नियमित प्रार्थना थांबल्या 1949 मध्ये. मग छपरावरचं शिसं चोरीला गेलं, पाणी आत शिरू लागलं आणि 1959 च्या अखेरीस मनोऱ्याचा बराच भाग कोसळला. फोटोतली पडझड विसाव्या शतकातली आहे.

सांगाडे सुमारे सातशे. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने 1950 ते 1990 चाललेल्या उत्खननात ते मिळाले. पण हे पॅरिशचं नेहमीचं दफनस्थान होतं: दहाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या एकेक करून पुरलेली माणसं.