तो वास एसेन्सचा नाही

नमस्कार मॅडम,

मागच्या महिन्यात नेलेली आमची चिकमगळूरची कॉफी घरात सगळ्यांना आवडली, म्हणून तुम्ही त्याच मळ्याची ‘नॅचरल’, म्हणजे न धुता फळासकट वाळवलेली, नेलीत. पाकीट उघडल्याबरोबर पिकल्या फणसाचा नि वाइनचा भपकारा आला आणि सासऱ्यांनी विचारलं, ‘यात दारू सांडली का?’ माल खराब आहे नाहीतर एसेन्स मारलाय, शिवाय धुण्याचा खर्च नसून जास्त महाग, असं लिहून तुम्ही दोन तारे दिलेत.

सासरेबुवांचं नाक तयार आहे. वास आंबण्याचाच आहे. पण एसेन्सचा थेंब नाही आणि माल खराबही नाही.

दोन्ही पाकिटांत एकाच मळ्याची, एकाच जातीची (एस-795, अरेबिका प्रकारातली) कॉफी आहे, भाजणीही तीच, मध्यम. फरक पडला तो फळ तोडल्यानंतर. आधीची वॉश्ड होती. तिचं फळ तोडलं त्याच दिवशी पल्परमधून साल काढली, बीवरचा चिकट थर टाकीत आंबवून सुटा केला, धुतला आणि मगच बी वाळवली. म्हणून चव स्वच्छ, जराशी लिंबाकडे जाणारी. नॅचरलमध्ये अख्खं लाल फळ सालीसकट जाळीच्या मांडवावर दोन ते चार आठवडे वाळतं. तेवढ्या काळात गरातल्या साखरेवर यीस्ट आणि जिवाणू काम करतात, आम्लं होतात, अल्कोहोल होतं, फळांचा वास देणारी एस्टर होतात, आणि बी सगळा वेळ त्यातच असते. तुमच्या नाकाला फणस आला तो तिथून.

बिघडलेली नॅचरल असते, नाही असं नाही. थर जाड पसरला, वेळच्या वेळी हलवला नाही, की फळ जास्त आंबतं किंवा बुरशी धरते. मग व्हिनेगरचा किंवा कुबट गोणपाटाचा वास येतो. तसा वास असेल तर ती कॉफी मीही पिणार नाही.

किमतीचा प्रश्न रास्त आहे. मळेवाले वॉश्ड अरेबिकाला ‘प्लांटेशन’ म्हणतात आणि फळासकट वाळवलेल्या मालाला ‘चेरी’. वर्षानुवर्षं चांगलं फळ पल्परकडे जायचं आणि कच्चं, अतिपिकलेलं, उरलंसुरलं अंगणात वाळायचं. त्यामुळे चेरी म्हणजे स्वस्त, असंच समीकरण होतं. या लॉटमध्ये मात्र फक्त पिकलेलं फळ हाताने वेचून घेतलंय, आणि मांडव आठवडेच्या आठवडे अडकून राहतो. धुण्याचं वाचतं ते मजुरीत जातं, वर थोडं जास्तच.

राहिलं दूध. तुम्ही फिल्टरचा डिकॉक्शन दुधात, साखर घालून घेता. त्यात हा फळांचा वास विचित्रच लागणार. आमच्या घरीही नॅचरल दुधात कोणी घेत नाही. दुधासाठी मॉन्सून्ड मलबार बघा. मजा म्हणजे तीही चेरीचीच असते, पण वाळलेले दाणे पावसाळ्यात मंगळूरकडच्या गोदामांत पसरून दमट वाऱ्यावर ठेवतात. दाणा फुगतो, पिवळट पडतो, आंबटपणा जवळजवळ जातो. दुधात छान उतरते.

नॅचरल आवडलीच नसेल तर उघडलेलं पाकीट घेऊन दुकानात या, त्याबदल्यात तुमची आधीची वॉश्ड किंवा मलबार देतो. यायच्या आधी एकदा थोडी बिनदुधाची, बिनसाखरेची, जरा कोमट झाल्यावर चाखा. सासऱ्यांनाही द्या. सोमवारी बंद असतं.