सरळ भागून टाकू

बायकोच्या माहेरची मंडळी आली की रात्री सराफ्यात जायचं, हा इंदूरचा कायदा आहे. दिवसा सोनं विकणाऱ्या दुकानांची शटरं पडली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खायची दुकानं लागतात. खिसा दोन्ही पाळ्यांत रिकामा होतो. माझं पित्त खवळलेलं, म्हणून मी साठ रुपयांच्या भुट्ट्याच्या किसावर थांबलो. बाकीचे गराडूच्या तळलेल्या कंदापासून रबडीपर्यंत सगळीकडे जाऊन आले. पैसे मेहुण्याने मोबाइलवरून दिले आणि शेवटी जाहीर केलं, "८६० झाले. सरळ सहाने भागून टाकू."

"माझे साठच होतात," मी म्हटलं. हळूच म्हटलं होतं.

शेजारच्या पायरीवर मफलर गुंडाळून गराडू खाणारे एक काका, ओळख ना पाळख, हातातली काडी माझ्यावर रोखून म्हणाले, "असं कसं? भागायचं म्हणजे सगळ्यांत भागायचं."

"अहो, पण माझं एका प्लेटमध्ये भागलं."

"तुमचं भागलं हो. यांचं नाही ना भागलं! म्हणून तर भागायचं."

"मग मला शून्य धरा."

"शून्याने भागता येत नाही." काडीला टोचलेला गराडू तोंडात टाकून त्यांनी हवेतच भागाकार मांडला. "सहा एके सहा, उरले दोन. सहा चोक चोवीस, उरले दोन. सहा त्रिक अठरा, उरले दोन. १४३ आणि बाकी दोन. पुढे नेलं तर तेहतीस पैसे, मग तीनच तीन. संपतच नाही. बाकी तुम्ही द्या, वाद तुम्ही काढला."

पंचवीस पैशांचं नाणंसुद्धा २०११ साली बंद झालं. तेहतीस पैसे मी टाकसाळीतून आणू? मंडळी मात्र काकांकडे कौतुकाने बघत होती.

शाळेत गुरुजी लिमलेटच्या गोळ्या वाटून भागाकार शिकवायचे. आधी वाटणी, मग खाणं. इथे खाऊन झाल्यावर वाटणी, आणि "सरळ भागून टाकू" हे तिसरी कुल्फी संपवलेलाच म्हणतो. नुसत्या चहावर उठलेल्याच्या तोंडून मी ते कधी ऐकलेलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तेच. मी तळमजल्यावर राहतो आणि लिफ्टचा खर्च भरतो, कारण तो भागलेला असतो.

सकाळी मेहुण्याचा मेसेज आला: "भाऊजी, पैशांचा घोळ नको, १४४च टाका." पाच जणांचे ७२० झाले. म्हणजे त्याला स्वतःला रबडीसकट १४० पडले.