पेरोव्हस्काइटचा थर : घाई कुठे आणि संथपणा कुठे

सप्रेम नमस्कार.

सूर्यप्रकाशापासून वीज देणाऱ्या सौरघटासाठी पेरोव्हस्काइट या स्फटिकी पदार्थाचा पातळ थर बसवण्याच्या माझ्या पद्धतीवर आपले दोन आक्षेप आहेत. खडीसाखरेप्रमाणे स्फटिक जितका संथ वाढेल तितका निर्दोष होतो, मग फिरत्या काचेवर काही सेकंदांत थर बसवणे मी योग्य कसे ठरवतो, हा पहिला. आणि सोलापूरची हवा कोरडी असताना नायट्रोजनने भरलेल्या बंद पेटीचा खर्च कशाला, हा दुसरा.

सुट्या स्फटिकापुरता पहिला आक्षेप रास्त आहे. परंतु सौरघटाला लागतो तो जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटर जाडीचा, काच पूर्ण झाकणारा थर. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्हस्काइटचे डीएमएफ या द्रावकातले द्रावण काचेवर संथपणे सुकू दिले, तर स्फटिकबीजे मोजकीच पडतात, प्रत्येक बीज भोवतालचे द्रव्य ओढून घेत सुईसारखे लांबत जाते आणि मधली काच उघडी राहते. तिथे घटाचे वरचे व खालचे थर एकमेकांना भिडतात आणि विद्युतप्रवाह आतल्या आतच वाया जातो. म्हणून काच फिरत असतानाच तिच्यावर टोल्युइन किंवा क्लोरोबेन्झीन सोडतात. हे द्रव डीएमएफमध्ये सहज मिसळतात, पण पेरोव्हस्काइटला विरघळवत नाहीत. त्यामुळे सगळा पृष्ठभाग एकदमच अतिसंपृक्त होतो, म्हणजे द्रवात मावेल त्याहून अधिक द्रव्य तिथे साठते, आणि बीजे दाट पडतात. आपण ज्या संथपणाचा आग्रह धरता तो यानंतर येतो. द्रावणातील दुसरा द्रावक, डीएमएसओ, लेड आयोडाइडला धरून राहतो, थर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवताना हळूहळू सुटतो, आणि त्या अवधीत कण मोठे होतात. २००९ मध्ये ३.८ टक्के असलेली या घटांची कार्यक्षमता आज २६ टक्क्यांपुढे गेली आहे; त्यात थर बसवण्याच्या या कौशल्याचा वाटा मला फार मोठा वाटतो.

आता हवेविषयी. मे महिन्यात आपल्याकडे हवा कोरडी असते हे खरे, पण पारा चाळिशीपार गेला की द्रावक लवकर उडतो आणि टोल्युइन सोडण्याची नेमकी वेळ अलीकडे येते. पावसाळ्यात दमटपणा वाढला की तीच कृती वेगळाच थर देते, शिवाय ओलावा टिकून राहिला तर पेरोव्हस्काइट विघटित होऊन पिवळे लेड आयोडाइड उरते. उन्हाळ्यात जमलेली कृती श्रावणातही जमावी, यासाठी ती पेटी हवी. ती परवडत नसेल तर साध्या बंद पेटीत कोरडी हवा खेळवावी आणि प्रत्येक थरासोबत तापमान व आर्द्रता नोंदवावी. मात्र डीएमएफची वाफ आणि विरघळलेले शिसे दोन्ही घातक असल्याने, विद्यार्थ्यांनी हे काम वाफ खेचणाऱ्या कपाटाशिवाय आणि योग्य हातमोज्यांशिवाय मुळीच करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.