पहाटेचा नाच

रविवारी पहाटे चारला उठायला मराठी माणसाकडे दोनच सबळ कारणं असतात: अभ्यंगस्नान आणि विमान. म्युनिकने त्यात तिसरं घातलंय. जुलैतल्या एका रविवारी सकाळी सहाला इथल्या इंग्लिश गार्डनमध्ये ‘कोखरलबाल’ भरतो. इंग्लिश बागेत, चिनी मनोऱ्याखाली, बव्हेरियन नाच. आणि नाचायला कोण, तर आम्ही कोथरूडचे.

ही अवेळ मुळात स्वयंपाकिणी-मोलकरणींची. एकोणिसाव्या शतकात मालक घोरत असताना त्या इथे नाचून घ्यायच्या आणि वेळेत कामावर हजर व्हायच्या. १९०४ मध्ये नीतिमत्ता धोक्यात आली म्हणून हे बंद पाडलं. (पहाटे सहाला कुणाची नीतिमत्ता जागी असते, देव जाणे.) १९८९ मध्ये बागेला दोनशे वर्षं झाली आणि नाच पुन्हा सुरू झाला. त्या बिचाऱ्यांना दुसरी वेळच नव्हती. मला अख्खा रविवार होता.

लेंडलर नावाच्या नाचाबद्दल माझी तक्रार नाही. तीन मात्रा, संथ घोळ, जडशीळ बुटांनाही झेपेल असा. वैरी तो त्स्वीफाखर. यात तीन आणि दोन मात्रांची अदलाबदल गाण्याच्या मध्येच होते; तीनला वॉल्ट्झ, दोनला भर्रकन गिरकी. बरं, बदल कुठे येणार ते प्रत्येक गाण्यात वेगळं. लहानपणी तबला शिकल्याचा मला फार माज होता. पण दादऱ्यात कुणी न सांगता केहरवा घुसवत नाही हो! ट्यूबावाला इमानाने पहिल्या मात्रेला ‘भों’ करतो, पण तो ऐकून पाय उचलेपर्यंत अख्खं मैदान डावीकडे गेलेलं असतं.

“अहो, मोजू नका, नुसते फिरा,” असं सौ. म्हणाली. ती फिरली. मी एका अनोळखी आजोबांसोबत फिरलो.

आता तिने शूप्लाटलरचं काढलंय. त्यात पुरुषांनी तालात स्वतःच्याच मांड्यांवर, गुडघ्यांवर, बुटांच्या तळांवर फटके मारायचे. चामड्याच्या चड्डीमुळे आवाजही खणखणीत येतो. त्याच्याच एका प्रकारात दोन पुरुष एकमेकांच्या थोबाडीत मारल्याचं सोंग करतात. हिला तो फार आवडला.

“पण माझ्यासमोर दुसरा पुरुष कोण?” मी विचारलं.

“पुरुषच हवा असं कुठेय? आणि सोंग तरी कशाला?”