हामारच्या त्या हॉलमध्ये मुले काय करतात, हे एकदा जाऊन पाहा

आज दुपारी ऑस्लोतल्या आपल्याच मराठी मंडळींच्या पंगतीत एका सुशिक्षित गृहस्थांनी ‘ईस्टरच्या सुट्टीत मुलाला पाच दिवस अंधारात गेम खेळायला सोडून येणारे आईबाप कसले’ असे सगळ्यांदेखत म्हटले आणि चारजण हसले. यजमानीणबाईंचा मान राखायचा म्हणून मी तेव्हा गप्प राहिले. इथे गप्प राहण्याचे कारण नाही.

नॉर्वेतल्या हामार गावी दर ईस्टरला भरणाऱ्या ‘द गॅदरिंग’ या संगणक-मेळाव्याला नुसती गेमिंगची जत्रा म्हणणाऱ्यांनी निदान तिचा जन्म कसा झाला, एवढे तरी जाणून घ्यावे. १९९१ च्या डिसेंबरात डेन्मार्कमध्ये ‘द पार्टी’ नावाचा संगणकवेड्या मुलांचा मेळावा भरला आणि त्याचे लोण नॉर्वेत पोहोचले. अमिगा या त्या काळच्या घरगुती संगणकावर काम करणाऱ्या ‘क्रुसेडर्स’ आणि ‘डेडलाइन’ या गटांतील मुलांनी पुढाकार घेतला, आणि १९९२ च्या ईस्टरमध्ये लिलेस्ट्रमच्या क्रीडागृहात हजाराहून अधिक मुले आपापली यंत्रे घेऊन जमली. घरोघरी इंटरनेट नव्हते. फ्लॉपी डिस्क टपालाने पाठवून एकमेकांचे काम पाहणारी ही मुले तिथे समोरासमोर बसली. ते काम म्हणजे डेमो: चित्र, संगीत आणि गणित एकत्र गुंफून यंत्राच्या तुटपुंज्या मेमरीत बसवलेला, संगणक त्या क्षणी स्वतः रेखाटत जातो असा काही मिनिटांचा आविष्कार. फिनलंडने २०२० मध्ये ही डेमोसीन, म्हणजे डेमो बनवणाऱ्यांची संस्कृती, आपल्या जिवंत सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतली. एका देशाने ज्याला वारसा मानले, त्याला आपण भरल्या ताटावर बसून हसतो, याचा मला संताप येतो.

१९९६ पासून हा मेळावा हामारच्या ‘विकिंगस्किपेट’मध्ये भरतो. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमधील स्केटिंगच्या शर्यती जिथे झाल्या, ते हे उपड्या नौकेच्या आकाराचे अवाढव्य सभागृह. सारा नॉर्वे संत्री आणि स्की घेऊन डोंगरातल्या लाकडी घरांकडे निघतो, तेव्हा हजारो माणसे इथे बुधवार ते रविवार लांबच लांब टेबलांवर आपले संगणक मांडून बसतात.

लेकाला पहिल्यांदा सोडायला गेले, तेव्हा मॉनिटर गोधडीत गुंडाळून नेला होता. सगळी मांडामांड झाली, पण संगणक काही सुरू होईना. पंखे फिरत होते आणि पडदा काळाच. मुलाचे डोळे भरून आले. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी मुलीने काही न विचारता स्क्रू-ड्रायव्हर काढला, कॅबिनेट उघडले, रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत त्या पुन्हा खाचेत दाबल्या. पलीकडचे दोघे मोबाइलचा उजेड धरून उभे होते. पडदा उजळला, आम्ही आभार मानेपर्यंत ती आपल्या जागी जाऊन बसलीसुद्धा.

मुले तिथे रात्ररात्र गेम खेळतात, झोपेचे खोबरे होते, पिझ्झावर दिवस निघतात, हे मला मान्य आहे. सुरुवातीच्या काळात अशा मेळाव्यांत गेमच्या चोरट्या प्रतीही वाटल्या जात, तेही खरे. पण म्हणून रॅम बसवणारी ती मुलगी खोटी ठरत नाही.

आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांच्या गावीही नसावी. हा एवढा डोलारा स्वयंसेवक उभारतात. केबल ओढणे, संगणक जोडणारे नेटवर्क स्विच बसवणे, रात्रीची गस्त, हे सगळे ही मुले-माणसे आपली सुट्टी खर्चून, पगार न घेता करतात, जशी आपल्याकडे गणपती मंडळाची पोरे मांडव घालायला रात्र जागवतात. त्यात दारू नाही, नशा नाही. तसा तिथला नियमच आहे. जबाबदारी शिकवायला आपण मुलांना वर्ग लावतो, शिबिरे शोधतो, आणि जिथे ती आपसूक अंगी येते त्या जागेला नावे ठेवतो!

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. पंगतीत हसलेल्यांतही काहींना खरी काळजी असेल, कारण परक्या देशात मूल नजरेआड गेले की जीव टांगणीला लागतोच, आणि तो माझाही लागला होता. घरात वेगवान इंटरनेट असताना तिकडे जायचेच कशाला, हा प्रश्न मीही लेकाला विचारला होता. महामारीत २०२० चा मेळावा सभागृहाऐवजी ऑनलाइन झाला, तेव्हा मला त्याचे उत्तर मिळाले. सामने ऑनलाइन होतात, डेमोही दिसतात, पण तुमच्या यंत्राचे झाकण उघडायला शेजारी कोणी नसते.

पुढच्या ईस्टरला कोणाला मुलांना पाठवायचे असेल, तर मला जरूर विचारा. लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, जाड पांघरूण आणि कानात घालायचे बोळे द्या. पहिल्या दिवशी तासभर स्वतः त्या रांगांमधून फिरा, मुलांना काय चालले आहे ते विचारा. ती हातातले काम थांबवून नीट समजावून सांगतात.