‘थेंब टाका, आकडा वाचा’: इतकंच असतं तर

नागपुरातल्या डॉक्टर-सिस्टरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रुग्णाच्या खाटेजवळ, ओपीडीत किंवा ॲम्ब्युलन्समध्ये होणाऱ्या तपासण्यांचं, म्हणजे पीओसीटीचं (पॉइंट-ऑफ-केअर टेस्टिंगचं), पदव्युत्तर प्रशिक्षण हे निव्वळ सर्टिफिकेटचं दुकान आहे, असं त्याचं म्हणणं. कारणं पाच: मशीन सगळं स्वतःच करतं, एमबीबीएस, नर्सिंग, डीएमएलटीत (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमात) हे शिकवलेलंच असतं, क्वालिटी कंट्रोल लॅबवाल्यांनी बघायचं, शंका आली तर लॅब आहेच, आणि असे कोर्स कंपन्यांच्या फायद्याचे असतात. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे नंतर येतो.

‘मशीन सगळं स्वतःच करतं.’ दिलेलं रक्त मोजण्यापुरतं हे खरं. पण ते रक्त मशीनपर्यंत कसं आलं, हे मशीनला कळत नाही. नुकतंच संत्रं सोललेल्या माणसाच्या बोटातून थेंब घेतला तर शुगर भलतीच वर दिसते, कारण रसाचा अंश कातडीवर असतो. स्पिरिटचा बोळा फिरवून तो नीट जात नाही, पाण्याने हात धुवायला लावावे लागतात. (संत्र्यांच्या हंगामात आपल्या किती वॉर्डांत हे विचारलं जातं?) शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या, रुग्णाच्या बोटात रक्तच धड पोहोचत नसतं, तिथे टोचून आलेल्या आकड्यावर इन्सुलिन ठरवणं धोक्याचं.

पोटॅशियमचं तर याहून वाईट. सेंट्रल लॅबमध्ये नमुना सेंट्रिफ्यूज होतो, म्हणजे गरगर फिरवून पेशी खाली बसवतात, वरचा भाग लालसर दिसला की टेक्निशियन म्हणतो, हिमोलाइज्ड आहे (पेशी फुटल्यात), दुसरा पाठवा. कॅज्युअल्टीतल्या एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनमध्ये मात्र अख्खं रक्त जातं. घाईत जोर लावून ओढलेल्या सिरिंजमध्ये पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढतं, आणि अख्ख्या रक्तात ती लाली कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर कार्बन डायऑक्साइड खोटा कमी येतो आणि ऑक्सिजनचा आकडा खोलीतल्या हवेकडे सरकतो. छापील पट्टी मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत ठणठणीत दिसते.

‘हे आधीच शिकवलेलं असतं.’ तत्त्वं शिकवलेली असतात, हे मान्य. पण विदर्भात काम करणाऱ्याला सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) आणि शुगर या दोन गोष्टी एकाच माणसात जुळवता यायला हव्यात, आणि तिथे गाडी अडते. गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाडा, बालाघाटकडून नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्यांत सिकलसेलचे रुग्ण काही विरळा नाहीत. एसएस रुग्णाची (आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्याची) तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी साधारण १० ते २० दिवस जगते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी) म्हणजे पेशी रक्तात फिरत असताना तिच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशीच लवकर मेली तर चिकटणार किती? आकडा खोटा कमी येतो. आता त्याच माणसाचं बोट ग्लुकोमीटरला लावा. रक्त पातळ, हिमॅटोक्रिट (रक्तातला पेशींचा वाटा) कमी, आणि कमी हिमॅटोक्रिटवर अनेक मीटर शुगर खोटी जास्त दाखवतात. म्हणजे एकाच रुग्णाबद्दल एक यंत्र खाली खोटं बोलतं, दुसरं वर. खरी शुगर ५८ असताना मीटरवर ७२ दिसली तर रात्रपाळीची सिस्टर निर्धास्त पुढच्या खाटेकडे जाईल, आणि त्यात तिची चूक शून्य. हिमॅटोक्रिटची दुरुस्ती करणारे मीटर मिळतात. पण आपल्या वॉर्डातलं मीटर त्यातलं आहे का, हे पाकिटातल्या माहितीपत्रकात शोधायचं असतं, आणि एचबीए१सीऐवजी लॅबची प्लाझ्मा शुगर किंवा फ्रुक्टोसामिन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) मागायचं असतं. एमबीबीएसच्या कुठल्या वर्षात ही सवय लागते?

सिकलसेलची तपासणीही तशीच. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं सुरुवातीचं उद्दिष्ट होतं. शिबिरात होणारी साधी सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या लॅबमधल्या तपासण्या सांगतात. नव्या कार्ड टेस्टही दोन्ही वेगळे दाखवतात. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तर तिला काही अर्थ नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. शिबिरात एखाद्या मुलीला ‘तुला सिकल आहे’ एवढंच सांगून घरी पाठवलं, की तिच्या लग्नाच्या बैठकीत काय होतं हे इथे कोणाला सांगायला नको.

‘क्वालिटी कंट्रोल लॅबचं काम.’ लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५१८९ याच्या २०२२ च्या आवृत्तीत पीओसीटीच्या अटी घेतल्या आहेत. मशीन वॉर्डात ठेवलं म्हणून त्या अटी सुटत नाहीत. मशीन चालू करताना ‘ओके’ येतं ते त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचं. स्ट्रिप बिघडली आहे का, हे कंट्रोल द्रावण (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो) टाकल्याशिवाय कळत नाही. बहुतेक स्ट्रिप ३० अंशांपर्यंत ठेवायच्या असतात. मे महिन्यात नागपूर ४५ च्या पुढे जातं, आणि डबी ॲम्ब्युलन्सच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीशेजारच्या टेबलावर असते. शिवाय वॉर्डात अनेकदा घरगुती मीटरच वापरतात. त्यांचं २०१३ चं मानक, आयएसओ १५१९७, असं: शुगर १०० किंवा त्याहून जास्त असताना ९५ टक्के आकडे १५ टक्के कमी-जास्तच्या आत आले की मीटर पास. म्हणजे खरी शुगर २०० असताना १७० आली तरी चालतं, २३० आली तरी चालतं. हे माहीत असलेला रेसिडेंट डॉक्टर १८० आणि २०० मधल्या फरकावर इन्सुलिनचे डोस हलवत बसणार नाही.

‘शंका आली तर लॅब आहेच.’ शंका येणार कशी? चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो. मलेरियाची एचआरपी-२ कार्ड टेस्ट उपचार पूर्ण झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, कारण ती अँटीजेन, म्हणजे परजीवीचं रक्तात उरलेलं प्रथिन, पकडते, जिवंत परजीवी नाही. ते न जाणणारा डॉक्टर बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा कोर्स देतो. कोरोनाच्या साथीत, जून २०२० मध्ये, आयसीएमआरला (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला) स्पष्ट सांगावं लागलं होतं की लक्षणं असलेल्याची रॅपिड अँटीजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा. आणि हिशोब करून बघा. १,००० जणांत १० आजारी आहेत, टेस्ट ९५ टक्के संवेदनशील (आजाऱ्यांपैकी ९५ टक्के पकडते) आणि ९५ टक्के विशिष्ट (निरोग्यांपैकी ९५ टक्क्यांना निगेटिव्ह दाखवते) आहे. पॉझिटिव्ह येतील सुमारे ६०, त्यांतले खरे आजारी जेमतेम १०. हा हिशोब न करता शिबिरं घेतली की लॅबच्या दारात पन्नास घाबरलेली कुटुंबं उभी राहतात.

आता पाचवा मुद्दा. कंपनीचा माणूस येतो, अर्ध्या तासात बटणं दाखवतो, समोसा आणि पेन देऊन जातो, आणि रजिस्टरमध्ये ‘ट्रेनिंग झालं’ अशी नोंद होते. मेसेज लिहिणाऱ्याचा राग यावर असेल तर रास्तच आहे. म्हणून फी भरण्याआधी विचारून घ्या: दोन-तीन कंपन्यांची मशीन लॅबच्या आकड्याशी ताडून बघायला देणार का? बिघडलेला नमुना मुद्दाम देऊन ओळखायला लावणार का? सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेणार का? तिन्हींना ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तो डेमोच आहे, पैसे वाचवा.